टाऊ कोणत्या वाटेने पसरतो? अल्झायमरवरील एका संशोधन इंटर्नशिपविषयी

अल्झायमरच्या संगणकीय संशोधनात इंटर्नशिप करत आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात बहुधा एकच चित्र उभे राहते: एमआरआय स्कॅन संगणकाला द्यायचा आणि रोग आहे की नाही हे त्याने सांगायचे. तसे काम करणारे गट पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी पुढे थोडे लिहिणारही आहे. परंतु मला मिळालेला प्रश्न वेगळ्या जातीचा होता. टाऊ नावाचे एक प्रथिन या रोगात मेंदूच्या एका कोपऱ्यात साचू लागते आणि मग बऱ्याच अंशी ठरावीक क्रमाने इतर भागांत दिसू लागते. हा क्रम केवळ मेंदूतील जोडण्यांच्या नकाशावरून, म्हणजे कोणता भाग कोणत्या भागाशी किती घट्ट जोडलेला आहे एवढ्याच माहितीवरून, गणिताने काढता येतो का, हे मला तपासायचे होते. मी गणित आणि संगणकशास्त्र शिकणारी विद्यार्थिनी. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला होता. त्यामुळे सुरुवातीचा बराचसा काळ कोड लिहिण्यात न जाता वाचनात गेला, आणि आता मागे वळून पाहता तो काळ सर्वांत उपयोगी ठरला असे माझे मत आहे.

रोगाचा इतिहास सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून इथे मोजकेच सांगते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही पन्नाशीतील स्त्री दाखल झाली. तिची स्मृती ढासळत चालली होती. आलोइस अल्झायमर यांनी तिची लक्षणे बारकाईने नोंदवून ठेवली, १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे, अशा दोन गोष्टी त्यांना दिसल्या होत्या. आज आपण पहिल्यांना प्लाक आणि दुसऱ्यांना टँगल म्हणतो. प्लाक प्रामुख्याने ॲमिलॉइड बीटा या प्रथिनाच्या तुकड्यांचे बनलेले असतात, तर टँगल टाऊचे. निरोगी चेतापेशीत टाऊ हा पेशीतील सूक्ष्मनलिकांना आधार देतो; रोगात त्याच्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढतात, तो नलिकांपासून सुटतो आणि त्याचे रेणू एकमेकांना चिकटून धागे बनवू लागतात.

माझ्या कामाचा पाया मात्र १९९१ सालचा आहे. त्या वर्षी हाइको आणि एवा ब्राक यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून टँगलच्या प्रसाराचे सहा टप्पे मांडले. पहिल्या दोन टप्प्यांत टँगल एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या परिसरात असतात, तिसऱ्या-चौथ्यात हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रात आणि भोवतालच्या, स्मृती-भावनांशी निगडित लिम्बिक भागांत, आणि शेवटच्या दोन टप्प्यांत ते मेंदूच्या उर्वरित बाह्यपटलात, म्हणजे पृष्ठभागावरच्या थरात (कॉर्टेक्समध्ये), पसरतात. एन्टोरायनल कॉर्टेक्स हा हिप्पोकॅम्पस आणि बाकीचे बाह्यपटल यांच्यामधला दुवा आहे. नवी आठवण घडताना बरीचशी माहिती याच मार्गाने आत-बाहेर जाते. त्याच्या दुसऱ्या थरातील चेतापेशींची संख्या अगदी सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींमध्येही सुमारे ६० टक्क्यांनी घटलेली असते, असे १९९६ सालच्या एका अभ्यासात आढळले. मला हा आकडा प्रथम वाचला तेव्हा खरा वाटेना. बाहेरून ‘जरा विसराळूपणा वाढला आहे’ एवढेच दिसत असताना आत मेंदूचा एक महत्त्वाचा दरवाजा निम्म्याहून अधिक मोडलेला असतो.

ॲमिलॉइडची गोष्ट जवळजवळ उलटी आहे, आणि या रोगातील सर्वांत चक्रावून टाकणारी बाब मला हीच वाटते. ॲमिलॉइडचे प्लाक आधी विस्तीर्ण बाह्यपटलात दिसतात, म्हणजे टाऊ जिथे उशिरा पोहोचतो तिथे. दोन प्रथिने, दोन वेगळ्या सुरुवाती, आणि तरीही आनुवंशिक पुरावा असा की ॲमिलॉइडच्या निर्मितीशी संबंधित जनुकांमधील उत्परिवर्तनांमुळे तरुण वयात हा रोग होतो आणि मागोमाग टाऊही पसरतो. रुग्णाची लक्षणे मात्र टाऊच्या जागेशी अधिक जुळतात: टाऊ जिथे साचतो, तिथल्या कामात बिघाड होतो. म्हणूनच ‘टाऊ कुठून कुठे जातो’ हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा उरत नाही.

तो खरोखर ‘जातो’ का, हा प्रश्नही रास्त आहे. मेंदूचे वेगवेगळे भाग आपापल्या दुर्बलतेनुसार एकामागून एक आजारी पडत असतील, तरीही लांबून पाहणाऱ्याला प्रसार झाल्यासारखेच वाटेल. याबाबतचा प्रायोगिक पुरावा मुख्यतः उंदरांवरील आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, विकृत टाऊ असलेल्या उंदरांच्या मेंदूचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या मेंदूत टोचला असता, टोचलेल्या जागेपासून दूरच्या भागांतही टाऊचे साठे तयार झाले. पुढे २०१२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे असे उंदीर वापरले, ज्यांच्यात मानवी टाऊची निर्मिती मुख्यतः एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये होत होती. त्यांच्या मेंदूत टाऊ चेतासंधींपलीकडच्या, म्हणजे दोन चेतापेशींमधील सांध्यापलीकडच्या, पेशींतही आढळला. म्हणजे विकृत टाऊ जोडलेल्या पेशीत शिरून तिथल्या चांगल्या टाऊलाही विकृत घडण देऊ शकतो, या कल्पनेला आधार आहे. उंदराच्या मेंदूत घडू शकते ते माणसाच्या मेंदूत तसेच घडते का, हे पाहण्यासाठी मात्र माणसाला टोचता येत नाही. तिथे मॉडेलची गरज भासते.

आम्ही वापरलेले मूळ मॉडेल आशिष राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेले आहे आणि गणिताच्या विद्यार्थ्याला ते पहिल्या वाचनातच आवडावे इतके नेटके आहे. मेंदूचे भाग हे जाळ्याचे बिंदू, त्यांना जोडणारे चेतातंतूंचे जुडगे या कडा. एखाद्या भागातील टाऊच्या बदलाचा वेग हा त्या भागातील आणि त्याला जोडलेल्या भागांतील टाऊच्या फरकावर, जोडणीच्या ताकदीच्या प्रमाणात, अवलंबून असतो एवढेच गृहीत धरायचे. उष्णता धातूच्या पट्टीतून वाहते त्याचेच हे समीकरण. फक्त पट्टीच्या जागी जाळे आणि नेहमीच्या लाप्लासियनच्या (प्रत्येक जागा आणि तिचा शेजार यांतील फरक मोजणाऱ्या गणिती क्रियेच्या) जागी जाळ्याचा लाप्लासियन मॅट्रिक्स. उत्तर एका ओळीत लिहिता येते, कारण समीकरण रेषीय आहे: सुरुवातीच्या स्थितीला मॅट्रिक्सच्या घातांकी फलनाने गुणायचे. या मॅट्रिक्सचे जे आयगेनव्हेक्टर, म्हणजे आकार तोच राखून फक्त प्रमाण बदलणारे नमुने, सर्वांत सावकाश विरतात, ते दीर्घकाळ टिकणारे आकृतिबंध ठरतात, आणि मूळ निबंधाचा दावा असा होता की असे काही आकृतिबंध वेगवेगळ्या स्मृतिभ्रंशांतील मेंदूच्या झिजेशी जुळतात. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की जोडण्यांचा तो नकाशा निरोगी व्यक्तींच्या स्कॅनवरून काढलेला होता. रोगाची काहीही माहिती न देता रोगाचा आकार मिळतो, हे या मॉडेलचे खरे आकर्षण आहे.

आता डेटाविषयी, कारण प्रत्यक्ष वेळ तिथेच जातो. टाऊ जिवंत माणसाच्या मेंदूत पाहता येऊ लागला तो पेट (PET) स्कॅनमुळे. फ्लॉरटॉसिपिरसारखे किरणोत्सारी रसायन रक्तातून मेंदूत पोहोचते, टाऊच्या धाग्यांना चिकटते, आणि कुठून किती संकेत येतो ते यंत्र मोजते. हा संकेत निरपेक्ष नसतो; ज्या भागात टाऊ साचत नाही अशा भागाशी, सहसा लहान मेंदूच्या राखाडी द्रव्याशी, त्याचे गुणोत्तर काढतात. मग एमआरआयच्या आधारे बाह्यपटलाचे भाग पाडायचे. आम्ही डेझिकन-किलियानी हा प्रचलित नकाशा वापरला, ज्यात दोन्ही गोलार्धांचे मिळून ६८ भाग आहेत. एवढे झाले की एका व्यक्तीचा मेंदू म्हणजे ६८ आकड्यांची एक ओळ होते. ही ओळ पाहताना आपण किती फेकून दिले आहे, याची आठवण ठेवणे अवघड जाते.

त्या आकड्यांमध्ये टाऊखेरीज इतरही बरेच काही मिसळलेले असते. फ्लॉरटॉसिपिर हे मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया आणि मेंदूतील द्रव तयार करणारे कोरॉइड प्लेक्सस या ठिकाणीही साठते, आणि तिथे साठण्याचे कारण टाऊ नसते. यातील कोरॉइड प्लेक्सस नेमके हिप्पोकॅम्पसला खेटून आहे आणि पेट स्कॅनची स्पष्टता काही मिलिमीटरांच्या पलीकडे जात नसल्यामुळे शेजाऱ्याचा संकेत हिप्पोकॅम्पसमध्ये सांडतो. म्हणजे ज्या भागाविषयी आपल्याला सर्वाधिक जाणून घ्यायचे, तोच सर्वांत अविश्वसनीय. अनेक संशोधक या कारणाने हिप्पोकॅम्पस विश्लेषणातून वगळतात आणि आम्हीही तेच केले. दुसरी अडचण वयाबरोबर येणाऱ्या झिजेची: बाह्यपटल पातळ झाले की त्याचा संकेत भोवतालच्या द्रवात विरळ होतो आणि टाऊ आहे त्याहून कमी भासतो. माझ्या मार्गदर्शकांचा आग्रह असा की कोणताही आकडा मॉडेलमध्ये जाण्यापूर्वी प्रत्येक स्कॅन डोळ्यांनी पाहिला गेला पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, पण भागांच्या सीमा कुठे घसरल्या आहेत, व्यक्तीने स्कॅनच्या वेळी डोके कुठे हलवले आहे, हे त्यातूनच कळते.

सर्व तयारीनंतर मॉडेल चालवले. एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये टाऊचे बीज पेरले, काळ पुढे नेला, आणि मॉडेलचा नकाशा रुग्णगटाच्या सरासरी नकाशाशी ताडून पाहिला. सहसंबंध, म्हणजे दोन नकाशे किती जुळतात याचे माप, चांगला आला. आलेखावरचे ठिपके रेषेच्या आसपास शिस्तीत बसले होते आणि एखाद्या सादरीकरणात तो आलेख दाखवला असता तर कोणी आक्षेप घेतला नसता. माझ्या मार्गदर्शकांनी तो पाहून एकच प्रश्न विचारला: “याच्याइतकेच चांगले आणखी कशाने जुळले असते?” इंटर्नशिपचा उरलेला काळ मी या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालवला.

प्रश्नाचा रोख समजण्यासाठी भिंतीवर पसरणाऱ्या ओलीचा विचार करता येईल. ओल नळाच्या जोडांवरून पुढे सरकत आहे की विटेकडून शेजारच्या विटेकडे, हे डागाच्या आकारावरून ठरवायचे असेल आणि नळही बहुतांशी जवळजवळच्या विटांमधूनच गेलेला असेल, तर दोन्ही उत्तरे जवळपास सारखाच डाग दाखवतील. मेंदूतही जवळचे भाग एकमेकांशी अधिक घट्ट जोडलेले असतात. शिवाय जोडण्या मोजण्याची पद्धत स्वतःच या गोंधळात भर घालते. डिफ्यूजन एमआरआयमध्ये पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंच्या दिशांचा अंदाज बांधतात आणि त्या दिशा धरून संगणक मार्ग आखत जातो. मार्ग जितका लांब तितकी चूक साचत जाते, आणि जिथे तंतू एकमेकांना छेदतात तिथे संगणक भलत्याच वाटेला लागू शकतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत, ज्यात खरे उत्तर आधीच माहीत असलेला कृत्रिम मेंदू अनेक गटांना दिला होता, बहुतेक पद्धतींनी खरे जुडगे मोठ्या प्रमाणात शोधले, पण त्यांच्या जोडीला अस्तित्वात नसलेले जुडगेही त्याहून अधिक संख्येने दाखवले. ज्या नकाशावर आपले सारे मॉडेल उभे आहे, त्याची ही अवस्था आहे.

म्हणून आम्ही मॉडेलसमोर प्रतिस्पर्धी उभे केले. एकात जोडण्यांऐवजी भागांमधील अंतर वापरले: जे जवळ ते घट्ट, जे दूर ते सैल. दुसऱ्यात खरे जाळे घेऊन त्यातील कडांची अदलाबदल केली, मात्र प्रत्येक भागाला असलेल्या जोडण्यांची संख्या तीच ठेवली. असे जाळे सर्व ठळक गुण राखते आणि नेमकी जोडणी कोणाची कोणाशी एवढेच विसरते. तिसऱ्यात रुग्णांचा टाऊचा नकाशाच गोलाकार केलेल्या बाह्यपटलावर कसाही फिरवला. याला स्पिन टेस्ट म्हणतात आणि तिचा फायदा असा की शेजारच्या भागांतील साम्य फिरवल्यानंतरही शाबूत राहते. साधी सरमिसळ केली तर ते साम्य नष्ट होते आणि मग जवळपास कोणतेही सलग पसरलेले चित्र दुसऱ्या सलग चित्राशी ‘लक्षणीय’ जुळल्यासारखे दिसते. मेंदूच्या नकाशांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी आधी शिकावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

त्याहूनही सूक्ष्म मुद्दा सवलतींचा होता. आमच्या मॉडेलमध्ये काळ हा वर्षांत मोजलेला नाही. मॉडेल पुढे पुढे चालवत जायचे आणि ज्या क्षणी सहसंबंध सर्वाधिक येतो तो क्षण नोंदवायचा. बीज कुठे पेरायचे हेही तपासून पाहता येते. म्हणजे ‘सर्वोत्तम बीज’ आणि ‘सर्वोत्तम काळ’ अशा दोन सवलती आपण मॉडेलला देतो आणि मग त्याच्या गुणांकाचे कौतुक करतो. प्रतिस्पर्ध्यांना त्याच सवलती न देणे हा सरळ अन्याय आहे. विस्कटलेल्या प्रत्येक जाळ्यालाही स्वतःचे सर्वोत्तम बीज आणि स्वतःचा सर्वोत्तम काळ निवडू दिला, तेव्हा त्यांचे गुणांकही चांगलेच वर आले. खरे जाळे तरीही विस्कटलेल्या जाळ्यांच्या पुढे राहिले; अंतराच्या मॉडेलपुढील त्याची आघाडी मात्र इतकी लहान होती की तिच्यावर मोठा दावा उभारणे मला पटले नाही. याचा अर्थ टाऊ जोडण्यांवरून पसरत नाही असा होत नाही. अर्थ एवढाच की सरासरी नकाशा, ६८ भाग आणि एक सहसंबंध एवढ्या सामग्रीवर या दोन शक्यता वेगळ्या काढणे कठीण आहे.

फरक दाखवणारी ठिकाणे मात्र सापडतात आणि ती पाहण्यात मला विशेष रस वाटला. मेंदूच्या मागच्या भागात मध्यरेषेजवळ असलेले पोस्टीरियर सिंग्युलेट आणि प्रीक्युनिअस हे भाग एन्टोरायनल कॉर्टेक्सपासून तसे दूर, पण स्मृतीच्या जाळ्यात त्याच्याशी जोडलेले. रुग्णांत तिथे टाऊ दिसतो. अंतराचे मॉडेल तिथे कमी पडते आणि जाळ्याचे मॉडेल थोडे बरे ठरते. उलट बाजूने, बाह्यपटलातील प्राथमिक दृष्टी आणि हालचालींचे भाग जोडलेले असूनही फार उशिरा बाधित होतात, याचे उत्तर दोन्ही मॉडेलांकडे नाही. तिथे पेशींची जात, त्यांतील जनुकांची सक्रियता, त्यांची मूळची दुर्बलता असे काहीतरी आणावेच लागते. रेषीय मॉडेलची आणखी एक उणीव उघड आहे: त्यात टाऊ फक्त वाटला जातो, वाढत नाही. खऱ्या मेंदूत एकूण टाऊ वाढत जातो. म्हणून अलीकडची अनेक मॉडेले प्रसाराला स्थानिक वाढीची जोड देतात, म्हणजे प्रत्येक भागात टाऊ आधी वेगाने वाढतो आणि मग एका मर्यादेला थांबतो. समीकरण आता एका ओळीत सुटत नाही, पण वास्तवाच्या जवळ जाते.

बीजाच्या प्रश्नाने मला आणखी एका ठिकाणी नेले. ब्राक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १ ते १०० वर्षे वयाच्या व्यक्तींच्या २,३३२ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात टाऊतील सर्वांत आरंभीचे बदल बाह्यपटलाच्याही आधी मेंदूच्या देठातील लोकस सेरुलिअस या इवल्याशा केंद्रात, तेही तरुण वयात, आढळले. आमच्या ६८ भागांत मेंदूचा देठ नाहीच. जो भाग नकाशावर नाही तो बीज म्हणून कधीच जिंकू शकत नाही; मग मॉडेलने एन्टोरायनल कॉर्टेक्स निवडले, याचा अर्थ ‘उपलब्ध उमेदवारांत ते बरे’ एवढाच घ्यावा लागतो. मला वाटते, संगणकीय निबंधांच्या निष्कर्षांत ही अट ठळकपणे लिहिली जायला हवी.

लॅबच्या साप्ताहिक वाचनात स्कॅनवरून निदान करणाऱ्या डीप लर्निंग मॉडेलांचा विषयही निघाला. २०२० च्या एका समीक्षेने दाखवून दिले की तपासलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंधांत डेटा गळतीची शक्यता होती. त्याच व्यक्तीच्या स्कॅनचे काही काप प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेले, की मॉडेल रोग ओळखण्याऐवजी व्यक्ती ओळखायला शिकते आणि अचूकता भरमसाट दिसते. आमच्या कामाशी याचे नाते वरवर पाहता नाही, पण मुळाशी प्रश्न तोच: हा आकडा दुसऱ्या कोणत्या, कमी रोचक कारणाने आला असेल?

एक विषयांतर करते, कारण ते वाचन मला सर्वांत आनंदाचे वाटले. टाऊचे जाळे कितीही नीट मांडले तरी ते आठवणींविषयी काहीच बोलत नाही. त्यासाठी दुसऱ्या घराण्याची मॉडेले आहेत. जॉन हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या जाळ्यात आठवण म्हणजे एक स्थिर अवस्था. अर्धवट खूण दिली की जाळे घरंगळत त्या अवस्थेला पोहोचते. १९९३ मध्ये हॉर्न, रुपिन आणि सहकाऱ्यांनी अशा जाळ्यातील चेतासंधी हळूहळू तोडत नेल्या आणि उरलेल्या संधींची ताकद त्या प्रमाणात वाढवली, तर स्मरणशक्ती किती टिकते हे पाहिले. त्यात दिसते असे की भरपाई पुरेशी असेल तर जाळे पुष्कळ संधी गमावूनही आठवते, आणि भरपाई कशी व किती वेगाने होते यावर ऱ्हासाचा आकार ठरतो. चेतासंधींचा ऱ्हास हा बौद्धिक ऱ्हासाशी प्लाकपेक्षा अधिक जुळतो, हे १९९१ च्या सुमारास मृत्यूनंतरच्या अभ्यासांतून पुढे आले होते. मी हे जाळे फावल्या वेळात स्वतः लिहून पाहिले. कोड फार थोडा लागतो, आणि संधी तुटत असताना बराच काळ काहीही बिघडत नाही, मग अल्पावधीत सगळे कोसळते, हे पडद्यावर पाहताना एन्टोरायनल कॉर्टेक्सचा तो ६० टक्क्यांचा आकडा पटू लागला.

या साऱ्याचा औषधांशी संबंध विचारला जातो. लेकॅनेमॅब या ॲमिलॉइड काढून टाकणाऱ्या प्रतिपिंडाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ जणांच्या चाचणीत अठरा महिन्यांनी १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध व औषधाभास (प्लासिबो) गटांत ०.४५ गुणांचा फरक होता. ऱ्हास थांबत नाही, काहीसा मंदावतो, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. टाऊ कुठे पोहोचला आहे आणि पुढे कुठे जाईल हे व्यक्तिगणिक सांगता आले, तर चाचणीसाठी योग्य व्यक्ती निवडणे आणि परिणाम कुठे मोजायचा हे ठरवणे सोपे जाईल. आजच्या मॉडेलांकडून मी एवढीच अपेक्षा धरते. त्यांचा बहुतेक डेटाही उत्तर अमेरिका आणि युरोपमधील, सरासरीपेक्षा बऱ्याच अधिक शिकलेल्या स्वयंसेवकांचा आहे, हे विसरून चालत नाही.

अशा इंटर्नशिपसाठी काय यावे लागते, असे काही जणांनी विचारले आहे. रेषीय बीजगणित पक्के हवे, पायथन सवयीचे हवे, आणि संख्याशास्त्रातील परिकल्पना चाचणी केवळ सूत्रांपुरती न शिकता समजलेली हवी. चेताविज्ञान तिथे जाऊन शिकता येते. अर्ज करताना त्या गटाचा एक निबंध नीट वाचून त्यातील एका आकृतीविषयी नेमका प्रश्न विचारणे हे लांबलचक आवडीनिवडी लिहिण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. अल्झायमरचे खुले डेटासंच, उदाहरणार्थ २००४ पासून चालू असलेला एडीएनआय (अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह), अर्ज करून आणि सहभागींची ओळख शोधणार नाही अशा करारावर सही करून मिळतात. त्यामुळे घरबसल्या सराव करणेही शक्य आहे.

माझ्यानंतर हे काम हाती घेणाऱ्यासाठी पुढचा टप्पा आखून ठेवला आहे. सरासरी नकाशे बाजूला ठेवून, त्याच व्यक्तीच्या पहिल्या स्कॅनवरून काही वर्षांनंतरच्या स्कॅनचा अंदाज बांधायचा. तिथे मॉडेलचा पहिला प्रतिस्पर्धी ‘काहीही बदलणार नाही’ हे भाकीत असेल, आणि तो अंतराच्या मॉडेलपेक्षाही चिवट आहे, कारण टाऊ सावकाश वाढतो आणि दोन स्कॅन एरवीही एकमेकांशी खूप जुळतात. म्हणून दुसऱ्या स्कॅनऐवजी दोन स्कॅनमधील फरकाचाच अंदाज करावा लागेल. तो फरक पेट स्कॅनच्या मोजमापातील चढउतारांच्या मानाने लहान असतो, तेव्हा पुरेशा व्यक्ती आणि प्रत्येकीचे दोनाहून अधिक स्कॅन मिळाल्याखेरीज या चाचणीला हात घालू नये, असे मी हस्तांतराच्या टिपणात लिहून दिले आहे.